वाडा म्हणजे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा राहण्याची सोय लागायला मला तीन आठवडे लागले. शेवटी नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली. आनंदाच्या भरात मी वडिलांना फोन केला आणि सांगितले, “बा, जागा मिळाली. वाड्यात राहतोय.” पलीकडे क्षणभर शांतता. मग बा म्हणाला, “पुण्यात कुनाचा वाडा बसलाय? मेंढरं किती हायेत?”

खोलीतले बाकीचे तिघे पोट धरून हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो, पण रात्री झोप लागेना. बा चुकला नव्हता. आम्ही पारनेर तालुक्यातले धनगर. दसरा-दिवाळी उरकली की मेंढरे घेऊन माळशेजच्या बाजूने कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचे, हे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. चार-सहा बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, सामान लादलेली घोडी, कुत्री आणि डालग्यातली कोंबडी असा सगळा मिळून आमचा वाडा होतो. तो आज या शेतात बसतो, परवा त्या शेतात. शेतकरी खतासाठी मेंढरे बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. रात्री मेंढरांभोवती जाळीचे वाघर लावले की वाडा तयार. सकाळी वाघर गुंडाळले की वाडा नाहीसा. मी गावी आजीजवळ राहून शाळा शिकलो, म्हणून कॉलेजपर्यंत पोचलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच.

पुढे इतिहासाच्या तासाला पेशवेकालीन पुण्याचा विषय निघाला, तेव्हा भीत भीत हा किस्सा मी सरांना सांगितला. सर हसले नाहीत. “तुझ्या वडिलांचा अर्थ पुण्याच्या अर्थाहून जुना असला पाहिजे. शोधून बघ,” एवढेच ते म्हणाले. त्या शोधात जे हाती लागले ते या लेखात मांडत आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. संस्कृतात ‘वाट’ किंवा ‘वाटक’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. त्यातून मराठीत वाडा आला आणि वाडीही आली. हिंदीत तो ‘बाडा’ झाला. बंगालीत ‘बाडी’ म्हणजे चक्क घर. म्हणजे मुळात वाडा ही भिंतींची वस्तू नव्हे. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवणारी एक रेघ आखली की झाला वाडा. ती रेघ काट्याकुट्यांची असेल, जाळ्याची असेल किंवा चुन्यात बांधलेल्या विटांची असेल. सरांचे म्हणणे खरे ठरले. बाचा वाडा मुळाशी होता आणि पुण्याचा वाडा त्याच्यावर चढलेला मजला होता.

या एका अर्थाला किती फांद्या फुटल्या पाहा. गुरांचा वाडा असतो. देवगिरीच्या यादवांपासून संस्थानिकांपर्यंत राजांचा तो राजवाडा. गावात पाटलाचा किंवा देशमुखाचा चौसोपी वाडा. कारभार जिथून चाले तो सरकारवाडा. मुंबईत कुंभारवाडा आणि भोईवाडा, गोव्यात गावाचा प्रत्येक भाग म्हणजे ‘वाडो’. आणि प्रत्येक गावात, गावकुसाला लागून किंवा त्याच्या बाहेर, जातीच्या नावाचे वाडे. कोणत्या जातीने कुठे राहायचे हे त्या नावातच सांगितलेले असे. 2020 च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळाने अशा वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. गावातील सर्वांत मोठ्या घराला वाडा म्हणतात आणि गावाने दूर ठेवलेल्या वस्तीलाही वाडाच म्हणतात. भाषेला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण रेघ दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की एका ठिकाणी आतल्या माणसाने ती स्वतःसाठी आखली आणि दुसऱ्या ठिकाणी ती इतरांनी त्याच्याभोवती आखली.

आता पुण्याच्या वाड्यात शिरू. हा वाडा बाहेरून फारसा बोलत नाही. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर जाड भिंत, रस्त्याकडे मोजक्या खिडक्या आणि एक भक्कम दरवाजा. दरवाजाच्या पोटात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी. दाराआड भिंतीत सरकवून ठेवलेला लाकडी अडसर. आत येताच देवडी, तिथे पूर्वी पहारेकरी बसत. देवडी ओलांडली की एकदम आकाश दिसते, तो चौक. वाड्याचा जीव या चौकात असतो. उजेड येथूनच येतो, वारा येथूनच फिरतो, पागोळ्या येथेच गळतात. पुण्यासारख्या कोरड्या उन्हाळ्याच्या गावात जाड भिंती आणि मधला मोकळा चौक यांमुळे घर गार राहते. आमच्या खोलीला पंखा आहे, पण मे महिन्यात दुपारी आम्ही चौकालगतच्या पडवीत बसूनच अभ्यास करतो.

चौकाच्या चारही बाजूंना सोपे असले की वाडा चौसोपी. मोठ्या धन्याचा वाडा एका चौकावर भागत नसे. पहिला चौक कचेरीचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा, दुसरा घरच्यांचा, मागचा कोठीचा व नोकरचाकरांचा. खालचा मजला दगडविटांचा, वरच्या माड्या लाकडाच्या. सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे कोरलेले, त्यांच्यामध्ये महिरपी, वर तुळया आणि त्यांवर कडीपाट. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत, आणि घराचे माप चौरस फुटांत न सांगता खणांत सांगत. पाण्यासाठी आड असे. शिवाय अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणले, ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे. लाकडाचा एवढा वापर असल्याने आगीचे भय मात्र कायम. शनिवारवाड्याचा पाया 1730 साली घातला गेला आणि 1732 साली वास्तुशांती झाली. 1828 च्या आगीत आतला सगळा प्रासाद भस्मसात झाला. आज आपण पाहतो तो तट, दरवाजे आणि जोती. बुधवारवाडा 1879 साली जळाला. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यालाही त्याच वर्षी आगीची झळ लागली, पण त्याचा कोरीव दर्शनी भाग आजही बाजीराव रस्त्याच्या गर्दीत उभा आहे.

वाड्याचे आणखी एक रहस्य मला तेथे राहूनच कळले. देवडी, ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर हा नुसता खोल्यांचा क्रम नाही, तो माणसांचा क्रम आहे. कोणी देवडीतच थांबायचे, कोणी ओसरीपर्यंत यायचे, कोणी माजघरात बसायचे, हे ठरलेले असे. सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तर घरच्यांनाही नियम. जितके आत तितके जवळचे. पेशवाईत आमच्यापैकी एखादा मेंढपाळ घोंगडी विकायला आला असता तर तो देवडीच्या आत गेला नसता, हे सांगायला इतिहासाचे पुस्तक लागत नाही.

येथे वाचक विचारतील की हा सगळा खटाटोप कशासाठी. त्याला निमित्त झाली एक जाहिरात. आमच्या वाड्यापासून नदी ओलांडून कॉलेजकडे येताना एक मोठा फलक लागतो. त्यावर लिहिले आहे, ‘आलिशान टाऊनहाऊसेस’. माझ्या एका मित्राला वाटले की तेथे टाऊन हॉल होणार आहे. मी इंग्रजीच्या मॅडमना विचारले. त्यांनी सांगितले ते असे. इंग्लंडमध्ये उमरावांची खरी घरे खेड्यात, त्यांच्या जमिनींवर असत. परंतु राजदरबार आणि पार्लमेंट लंडनला. वर्षातले काही महिने तेथे राहणे भाग पडे, म्हणून प्रत्येक मोठ्या घराण्याने लंडनमध्ये दुसरे घर बांधले. ते टाऊन हाऊस. स्पेन्सर घराण्याचे गावाकडचे घर ऑल्थॉर्प आणि अठराव्या शतकातले लंडनचे घर स्पेन्सर हाऊस. पुढे शहरात एकमेकांना खेटून, एका ओळीत बांधलेल्या अरुंद, दोन-तीन मजली घरांनाही तेच नाव मिळाले. अमेरिकेत आणि आता आपल्याकडे बिल्डर ज्या अर्थाने हा शब्द वापरतात तो हा दुसरा अर्थ. आपण ज्याला रो हाऊस म्हणतो त्याचेच हे भरजरी नाव. बंगल्याचा दिमाख आहे, पण दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या.

हे ऐकताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाऊन हाऊसचा पहिला अर्थ म्हणजे आपला पुण्याचा वाडाच की! पेशव्यांचा दरबार पुण्यात म्हणून सरदारांचे वाडे पुण्यात. नाना फडणवीसांचेच उदाहरण घ्या. कृष्णाकाठी वाईजवळ मेणवलीला त्यांचा वाडा आणि घाट आहे. त्यांचे प्रसिद्ध दप्तर तेथेच जपले गेले. आणि पुण्यात, शनिवारवाड्याच्या हाकेच्या अंतरावर, नानावाडा. एक गावचे घर, दुसरे दरबारच्या कामाचे. रास्ते वाईचे, पण पुण्यात त्यांच्या नावाची अख्खी पेठ आहे. विंचूरकरांची जहागीर नाशिककडे विंचूरला, वाडा मात्र पुण्यात. बडोद्याच्या गायकवाडांचाही नारायण पेठेत वाडा होता. लंडनच्या उमरावाला जे गणित सोडवावे लागले तेच आपल्या सरदारांना. मान गावच्या जमिनीने मिळतो, पण सत्ता शहरात असते, म्हणून पाय दोन्हीकडे ठेवावे लागतात.

आमच्या समाजापुरते बोलायचे तर दोन्ही वाडे एकाच घराण्यात भेटलेले मला सापडले. मल्हारराव होळकर हे धनगराच्या घरातले. जेजुरीजवळचे होळ हे त्यांचे गाव. पुढे ते पेशव्यांचे मोठे सरदार झाले. त्यांच्या सून अहिल्यादेवी आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, जन्म 1725 चा. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल आजही आहे. मेंढरांच्या वाड्यापासून रंगमहालापर्यंतची ही वाट. हे मी बाला फोनवर सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे वाघर सोडून भित्ती घातल्या म्हन की.” यापेक्षा नेमकी व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

टाऊन हाऊसचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. उमरावांची मिळकत आटली तशी लंडनची ही घरे विकली गेली किंवा पाडली गेली. पिकॅडिलीवरचे डेव्हनशायर हाऊस 1924 साली पाडले. पुण्यात हा धक्का शंभर वर्षे आधी बसला. 1818 साली पेशवाई संपली, दरबार उठला आणि सरदारांना पुण्यात राहण्याचे कारणच उरले नाही. रिकामे वाडे निरनिराळ्या कामी लागले. विश्रामबागवाड्यात 1821 साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज आकाराला आले. गायकवाडवाडा लोकमान्य टिळकांनी 1905 मध्ये सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला, तो केसरीवाडा झाला. आणि भिड्यांच्या वाड्यात 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली.

या शेवटच्या वाक्यापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. ज्या घराची रचनाच कोणी कुठवर यायचे हे ठरवण्यासाठी होती, त्याच घरात ही शाळा भरली. फुल्यांचे स्वतःचे घर गंज पेठेत आहे. त्यालाही आपण फुलेवाडाच म्हणतो. तेथील पाण्याचा हौद त्यांनी 1868 साली अस्पृश्यांना खुला केला. देवडी, ओसरी, माजघर ही चढती भाजणी मोडण्याचे काम असे दोन वाड्यांत झाले. भिडेवाड्याची इमारत मात्र आता नाही. दीर्घकाळ चाललेला न्यायालयीन वाद संपल्यावर राष्ट्रीय स्मारकासाठी ती 2023 च्या डिसेंबरात पाडण्यात आली. मी पुण्यात आल्यावर मुद्दाम ती जागा पाहायला गेलो. घरातील पहिला कॉलेजी म्हणून तेथे नमस्कार करणे मला अगत्याचे वाटले.

बाकीचे शेकडो वाडे बिऱ्हाडांनी भरले. सरदार गेले, कारकून, शिक्षक, पुजारी, विद्यार्थी आले. एका चौकाभोवती दहा-वीस बिऱ्हाडे, एक नळ, मागे सामाईक संडास. जिथे एका घराण्याचा देव होता तिथे खोलीगणिक देव्हारे झाले. ‘बिऱ्हाड’ हा शब्द आमच्या वाड्यातही आहे आणि पुण्याच्या वाड्यातही, हे ध्यानात आल्यावर मला फार बरे वाटले.

मग वाडे मोडकळीस का आले? पुष्कळांचे उत्तर असते, मालकांचा लोभ. काहींचे उत्तर, भाडेकरूंचा चिवटपणा. मला वाटते, कायद्याचे गणित समजल्याशिवाय दोघांवरही अन्याय होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जागेची टंचाई होती. भाडेकरूला संरक्षण म्हणून 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात भाड्याची पातळी 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्यावर बांधली गेली. हेतू चांगला होता आणि त्याने लाखो गरीब माणसांचे छप्पर राखले. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. महिन्याला काही रुपये भाडे येत असताना मालकाने सागवानी तुळई कशी बदलावी? आणि जागा आपली नाही म्हणून भाडेकरूने तरी खर्च का करावा? दोघेही आपापल्या परीने बरोबर, आणि वाडा मधल्या मध्ये पावसात भिजत राहिला. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 2000 साली लागू झाला आणि दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण मुळातच भाडे पन्नास रुपये असेल तर चार टक्के म्हणजे दोन रुपये. त्याआधी 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात कोसळले होते. पुरातून जे वाचले ते या गणितात अडकले.

त्यावर आता पुनर्विकास हा तोडगा निघाला आहे. वाडा पाडायचा, वाढीव एफएसआय घेऊन इमारत बांधायची, भाडेकरूंना मालकीचे फ्लॅट, मालकाला त्याचा वाटा, बिल्डरला उरलेले. ज्या काकू-काकांनी साठ वर्षे सामाईक संडासासाठी रांग लावली त्यांना स्वतःचे न्हाणीघर मिळाले तर ‘संस्कृतीचा ऱ्हास’ म्हणून गळा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाड्याबद्दल हळहळणारे लेख बहुधा फ्लॅटमध्ये बसून लिहिलेले असतात.

आमचा वाडाही या यादीत आहे. परीक्षा संपली की मे अखेरपर्यंत जागा रिकामी करायची आहे. गेल्या महिन्यात चौकात बैठक झाली. बिल्डरच्या माणसाने नकाशा पसरला आणि एकेका बिऱ्हाडाचे नाव वाचून त्याच्या पुढे फ्लॅटचा क्रमांक सांगितला. सगळी नावे झाली. आम्ही चौघे ओसरीच्या कडेला उभे होतो. आमचे नाव येणार नव्हते, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही मालकाचे भाडेकरू नव्हतो, भाडेकरूचे भाडेकरू होतो. कायद्याच्या भाषेत आम्ही त्या वाड्यात नव्हतोच. तरीही नावे संपल्यावर क्षणभर कान टवकारले गेले, हे कबूल केले पाहिजे.

बैठक मोडल्यावर ज्यांच्या खोलीत आम्ही राहतो त्या काकूंनी आम्हाला आत बोलावले. आत म्हणजे थेट स्वयंपाकघरात. पाटावर बसवून चहा दिला. म्हणाल्या, “नव्या घरात एक खोली जास्तीची आहे रे. पण इमारत उभी राहीपर्यंत तुमची परीक्षा होऊन जाईल.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “या खोलीत माझ्या सासूबाईंनी कोणाला येऊ दिलं नसतं.” आम्ही चहा प्यालो. माझ्या मनात मात्र देवडीपासून त्या पाटापर्यंतची सगळी वाट पुन्हा एकदा चालून झाली.

तर वाडा म्हणजे काय? कोशातला अर्थ मी वर दिला आहे. वास्तुशास्त्रातला दिला, इतिहासातला दिला, जाहिरातीतलाही दिला. माझ्यापुरता अर्थ असा, की वाडा ही एक रेघ आहे आणि ती कोणासाठी उघडते यावरून वाड्याची किंमत ठरते. भिंती पडल्याने वाडा जातो असे नाही. नव्या इमारतीच्या फाटकावर पहारेकरी असेल, वही असेल, ‘कोणाकडे जायचंय?’ असा प्रश्न असेल. म्हणजे देवडी आलीच. चौक येईल की नाही ते मात्र मला नकाशात दिसले नाही. तेथे पार्किंग लिहिले होते.

मे अखेरीस बाचा वाडा कोकणातून घाट चढायला लागेल. त्याच सुमारास मीही माझी वळकटी, पुस्तके आणि टेबलफॅन घेऊन निघेन. काल बाला तसे सांगितले. म्हणालो, “बा, आमचा वाडा उठला.”

बा म्हणाला, “उठंना का. आपला दर सालाला उठतोय. फुडला बसवायची जागा बघून ठिव.”

जागा बघतो आहे. तृतीय वर्षासाठी कोणाला पेठेत चौघांची खोली माहीत असेल तर कृपया कळवावे.